कुदळ मारण्याआधी एक पावसाळा

मीरा-भाईंदरमध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणारी कुटुंबे आता मोजकीच उरली आहेत. रेल्वेच्या दोन्ही अंगांना टॉवर झाले. पण उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धा, मोर्वा या पश्चिमेकडच्या गावांत आणि महामार्गाकडच्या काशी, चेने, वरसावे भागात वाडवडिलांच्या नावाचे तुकडे अजून आहेत. कुणाच्या वाट्याला जुन्या कौलारू घरामागची वाडी आलेली असते, कुणी बाहेरून येऊन प्लॉट घेतलेला असतो. अशा जागेवर बंगला नव्हे, चार खोल्यांचे साधे घर बांधू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यातला मुख्य सल्ला आधीच सांगून टाकतो. जागा ताब्यात आली म्हणून लगेच डंपर बोलावून भराव टाकू नका. एक पूर्ण पावसाळा ती जागा आहे तशी राहू द्या आणि त्या काळात कागद, मोजणी आणि मातीची तपासणी उरकून घ्या.

असे सांगायचे कारण इथल्या भूगोलात आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मधला सखल पट्टा बराचसा खाजणाचा, मिठागरांचा आणि खारबंदिस्ती करून पिकाखाली आणलेल्या शेतांचा. बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि उघाडीतून ओहोटीला आतले पावसाचे पाणी सोडून द्यायचे, अशा व्यवस्थेवर ही भातशेती चालत असे. शेती गेली, बांध फुटले किंवा रस्त्याखाली गेले, उघाड्या बुजल्या; पाण्याचा जुना रस्ता मात्र तोच राहिला. तुमचा प्लॉट त्या रस्त्यात आहे की नाही, हे सातबारावर लिहिलेले नसते. ते जुलैत कळते.

पाणी कसे पाहायचे

जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी पक्के खांब रोवा, त्यांवर दर १० सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा. लेव्हल ट्यूबने, म्हणजे गवंड्याच्या पाण्याच्या पारदर्शक नळीने, सगळ्या खांबांवर एकच पातळी घ्या आणि ती समोरच्या रस्त्याच्या मध्याशी ताडून पाहा. मग मोठ्या पावसाच्या दिवशी पाणी कुठून आले, कुठवर चढले आणि किती तासांनी उतरले याची नोंद ठेवा. यात शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. दोन तासांत उतरणारे वीतभर पाणी त्रासदायक असते, पण त्यावर उपाय आहे. दोन दिवस थांबणारे पाणी सांगते की त्याला बाहेर जायला वाट नाही.

नुसता पाऊस पाहून भागत नाही, भरतीही पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांची तोंडे दाबली जातात आणि पाणी उलटे फिरते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तेवढाच पाऊस फारसे काही करत नाही. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आजही कामाचा आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला. वेळ थोडी इकडे-तिकडे होईल, पण छत्री घेऊन जागेवर कधी जायचे ते कळते. ज्या दिवशी साडेचार मीटरच्या वरची भरती आहे, त्या दिवशी तर जाच. पावसाळ्यातील अशा दिवसांची यादी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते.

शेजारच्या वयस्कर माणसांना एकच प्रश्न विचारा : २६ जुलै २००५ ला इथे पाणी कुठवर होते? त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. या पट्ट्यातल्या बहुतेक जुन्या घरांतली माणसे भिंतीवर बोट ठेवून ती पातळी दाखवतात. जोत्याची उंची त्या बोटाच्या वर ठेवायची. नियमातली किमान उंची वेगळी, ती पाळायचीच. पण पाण्याने नियम वाचलेला नसतो.

पाहणीत आणखी एक गोष्ट दिसू शकते. जागेच्या कडेला तिवराची रोपे उगवलेली असतील, तर तिथवर भरतीचे पाणी येते असे समजा. ती रोपे उपटून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. कांदळवनाची, म्हणजे तिवरांच्या वनाची, तोड आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातली बांधकामे मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने रोखली आहेत. भराव टाकून तिवरे मारणे हा गुन्हा आहे, आणि तिवरांच्या जागेवर घर बांधणे हा बांधकामाच्या दृष्टीनेही वेडेपणा आहे.

कागद : इथली खास गुंतागुंत

सातबारा ऑनलाइन काढता येतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, त्यामुळे लोकांना वाटते की मालकीची तपासणी झाली. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. मालकीचा पुरावा शोधायचा तर फेरफार एकामागून एक मागे वाचत जावे लागतात, दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ मधून निदान ३० वर्षांचे व्यवहार पाहावे लागतात आणि गावठाणातली जागा असेल तर नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक काढावे लागते. हे काम वकिलाकडून करून घ्या. त्याचा लेखी टायटल रिपोर्ट हातात घ्या, तोंडी ‘सगळे क्लिअर आहे’ घेऊ नका.

मीरा-भाईंदरमध्ये ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा लागतो. एकोणिसाव्या शतकात खाऱ्या पाण्यापासून जमिनी राखण्याच्या बोलीवर सरकारने इथली गावे खोताला भाडेपट्ट्याने दिली होती. ते हक्क पुढे आपल्याकडे आले, असा इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीचा दावा आहे आणि तिच्या नावाची नोंद इथल्या अनेक सर्व्हे नंबरांवर दिसते. दुसरीकडे साष्टीतल्या अशा इस्टेटींची महसूल माफी रद्द करणारा कायदा १९५१ चा आहे. हा वाद महसुली अधिकाऱ्यांपुढे आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला आहे; त्यात कोण बरोबर ते ठरवणे तुमचे काम नाही. तुमच्या सर्व्हे नंबरावर ती नोंद आहे का, आणि असल्यास बँक व महापालिका कोणता कागद मागतात, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घेणे मात्र तुमचेच काम आहे.

कुळाची जमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ३२-म चे प्रमाणपत्र आणि विक्रीच्या परवानगीची नोंद पाहा. काशी, चेने, वरसावे बाजूला जमीन आदिवासी खातेदाराची असू शकते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आणि शासनाची मंजुरी लागते; नोटरी केलेल्या कागदावर ताबा घेऊन बसलेल्यांना पुढे काहीही मिळत नाही. भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे सरकू नका. मिठागराच्या जागांवर केंद्राच्या मीठ खात्याचा हक्क असू शकतो. डोंगराकडच्या जमिनीवर खासगी वनाची नोंद असू शकते. आणि नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला असला तरी त्याखालचे जुने आदेश अजून विचारले जातात. या शहरात त्या कायद्याखालची बनावट प्रमाणपत्रे वापरल्याचे प्रकरण पोलिसांत जाऊन खूप गाजले, तेव्हा असा आदेश कुणी दाखवला तर त्याची खरी प्रत संबंधित कार्यालयातून मागवा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका.

वडिलोपार्जित जागेची अडचण वेगळी असते. आजोबांच्या नावावर सातबारा, वारस नोंद अर्धवट, लग्न होऊन वसईला गेलेल्या आत्यांची नावे गाळलेली. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. उत्तन-डोंगरीतल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यातही मुलगा-मुलगी असा भेद नाही. आत्या आणि बहिणी यांना आधी भेटा. त्या स्वखुशीने हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. सोडणार नसतील तर वाटणी करा. घर अर्धे झाल्यावर आलेली नोटीस ही आर्किटेक्टच्या बिलापेक्षा महाग पडते, आणि नाते जाते ते वेगळेच.

काय बांधता येईल ते ठरवणारे नकाशे

मालकी स्वच्छ असली तरी बांधण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा झोन दाखला काढा. जागेवर रस्ता, उद्यान किंवा दुसरे आरक्षण आहे का, हे त्यात कळते. आरक्षणे हलतातही. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा भागात ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि ती डोंगरीकडे नेण्याचा निर्णय झाला. म्हणून दाखल्यावरची तारीख पाहा, चार वर्षांपूर्वीचा दाखला आज कामाचा नाही. उत्तन परिसरासाठी मधल्या काळात एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले होते, तेव्हा त्या भागात मंजुरी कोण देते हाच पहिला प्रश्न विचारा.

किनारा नियमन क्षेत्र म्हणजे सीआरझेड. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या बाजूला उच्चतम भरतीरेषेपासून ५०० मीटर आणि खाडीच्या बाजूला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते, या क्षेत्रात येते. १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा आणखी एक पट्टा. नकाशावर डोळ्यांनी अंदाज करू नका. सर्व्हे नंबर घालून अधिकृत नकाशावर जागेची नोंद करून देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था आहेत, त्यांच्याकडून करून घ्या. महामार्गाच्या बाजूला हाच प्रश्न राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा असतो. त्याची अधिसूचना ५ डिसेंबर २०१६ ची आहे.

घराच्या नकाशाला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू होते, ती डिसेंबर २०२० पासूनची. तिच्यात लहान माणसाच्या सोयीची एक तरतूद आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आर्किटेक्टच्या दाखल्यासह नकाशे दाखल करून शुल्क भरले की परवानगीची वेगळी वाट पाहावी लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी द्यायची असते. पण ही सवलत सीआरझेड, आरक्षण किंवा मालकीचा वाद यांच्यावर चालत नाही. ‘दीड हजार फुटांपर्यंत काहीच लागत नाही’ असे गावात ऐकाल. ते अर्धसत्य आहे.

बिनशेतीबद्दल थोडक्यात : मंजूर विकास आराखड्यात निवासी म्हणून दाखवलेल्या जमिनीला पूर्वीसारखी वेगळी परवानगी लागत नाही, पण शासनाची देय रक्कम भरल्याचा कागद घ्यायचा असतो. तो घ्याच. बँक तोच मागते.

मोजणी

भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तो मार्च-एप्रिलच्या आधी करा, कारण पावसात मोजणी रेंगाळते. मोजणीच्या आधी शेजाऱ्यांना नोटिसा जातात. तरी तुम्ही स्वतः आदल्या दिवशी जाऊन सांगा. मोजणीदाराने दाखवलेल्या खुणांवर लगेच सिमेंटचे दगड बसवा, रंगवलेले बांबू नकोत. ते आठवड्यात चुलीत जातात. हाती येणारी ‘क’ प्रत ही तुमच्या घराच्या नकाशाचा पाया आहे. ती येण्याआधी कंपाउंडची भिंत बांधू नये. शिवाय भिंत पूर्ण बंद बांधली तर वरच्या शेजाऱ्याचे पावसाचे पाणी अडते आणि पहिल्याच पावसाळ्यात भांडण होते. खाली भोके ठेवा.

याच वेळी रस्ता पाहा. नकाशावरचा रस्ता आणि वहिवाटीची पायवाट यांत फरक आहे. गावठाणातल्या बोळांत डंपर आणि ट्रान्झिट मिक्सर शिरत नाही, पाइल मारायचे यंत्र तर नाहीच. माल हातगाडीने न्यावा लागतो, काँक्रीट जागेवर कालवावे लागते आणि पायाचा प्रकारही त्यावर ठरतो. आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत बोळाची रुंदी सांगा.

माती

वास्तुतज्ज्ञाला जितक्या श्रद्धेने बोलावतात, तितक्या श्रद्धेने माती तपासणाऱ्याला बोलावले असते तर या भागातल्या निम्म्या भिंतींना तडे गेले नसते, असे माझे मत आहे. बेडरूम नैऋत्येला असो की आग्नेयेला, पायाखाली काय आहे ते आधी कळले पाहिजे.

इथे दोन टोकाच्या जमिनी एकमेकींच्या शेजारी आहेत. डोंगरी-उत्तनच्या टेकडीवर किंवा घोडबंदरच्या डोंगरकुशीत दोन-चार फुटांवर मुरूम आणि खाली कातळ लागतो. राई-मुर्ध्याच्या सखल भागात खाडीची निळसर काळी चिकणमाती कित्येक मीटर खोल असते. फसवणूक अशी की मे महिन्यात तिचा वरचा थर वाळून कडक होतो, भेगा पडतात, त्यावर ट्रकही उभा राहतो. मुकादम टाच आपटून ‘कडक आहे साहेब’ म्हणतो. त्या मीटरभर पापुद्र्याखाली माती लोण्यासारखी असते.

आकड्यांत सांगायचे तर पायाच्या भारतीय मानकातल्या ढोबळ तक्त्यात काळ्या पाषाणासारख्या अभंग खडकाची धारणक्षमता चौरस मीटरला सुमारे ३३० टन धरली आहे. अंगठ्याने साधारण जोर लावला की दबणाऱ्या मऊ चिकणमातीला १० टन, आणि ज्या मातीत अंगठा सहज काही सेंटिमीटर रुततो तिला ५ टन. एकाच रस्त्यावरच्या दोन प्लॉटमध्ये एवढा फरक असू शकतो. म्हणून शेजाऱ्याने पाच फुटांवर पाया घेतला म्हणून आपणही घ्यावा, हा हिशेब इथे चालत नाही.

तपासणीला फार खर्च येत नाही. लहान घराला कातळ वर असलेल्या जागी दोन खड्डे खणून पाहिले तरी पुरते. मातीच्या जागी निदान एक बोअर, शक्य तर दोन, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्या. तिपाई लावून करायचे बोअर बोळातही होते. त्यात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. चारांपेक्षा कमी ठोक्यांत नळी आत गेली तर मऊ मातीच समजा. अहवालात भूजलाची पातळी आणि पाण्या-मातीतल्या क्लोराइड व सल्फेटचे प्रमाण मागून घ्या. हे दोन आकडे इथे विसरले जातात. तपासणी पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केलीत तर पाणी वर असतानाची, म्हणजे वाईटातली वाईट स्थिती कळते.

मग निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरचा. मुरमावर साधी फुटिंग चालतील. मऊ मातीचा थर कमी जाड असेल तर तो काढून टाकता येतो किंवा सगळ्या घराखाली एकसंध राफ्ट घालता येते. थर खोल असेल तर पाइल. पाइलचा खर्च ऐकून लोक एक मजला वाढवून ‘पैसे वसूल’ करायचे म्हणतात. उलट करा, घर हलके ठेवा.

भराव

आता भरावाकडे येऊ, कारण सगळ्यांचा हात तिकडेच आधी जातो. मऊ चिकणमातीवर मीटरभर भराव टाकला की त्या वजनाने तिच्यातले पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन खचत राहते. हळूहळू म्हणजे महिने नव्हे, वर्षे. घर पाइलवर असेल तर ते जागेवर राहते आणि अंगण खाली जाते : पायऱ्यांना फट पडते, सांडपाण्याचे पाइप जोडातून सुटतात, सेप्टिक टँक तिरपी होते. एवढेच नाही, खचणारी माती पाइलच्या अंगाला धरून त्यांनाही खाली ओढते. हे ओझे इंजिनीअरने हिशेबात धरले पाहिजे, आणि त्यासाठी किती भराव टाकणार ते त्याला आधी सांगितले पाहिजे.

भराव टाकायचाच असेल तर जितका लागतो तितकाच, आणि मुरमाचा. २० ते २५ सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, रोलर किंवा धुमस, मग दुसरा थर. एकदम पाच फूट ओतून वरून जेसीबी फिरवला म्हणजे दाबणी झाली, असे होत नाही. ‘फुकट भराव देतो’ म्हणणारे डंपरवाले राडारोडा आणून टाकतात. त्यात लाकूड, प्लास्टिक, जिप्सम असते, ते कुजते आणि पोकळ्या होतात. मुरमाच्या गाडीबरोबर गौण खनिजाचा वाहतूक पास मागा. तो नसेल तर दंड जागामालकाच्या माथी येऊ शकतो. माल ब्रासवर मोजून घ्या, फेऱ्यांवर नको.

आणि तुमचा प्लॉट दोन फूट वर गेला की तेवढे पाणी शेजाऱ्याकडे जाते. म्हणून पूर्ण जागा उंच करण्यापेक्षा घराचे जोते उंच करा, अंगण खाली राहू द्या. कोकणातली जुनी घरे अशीच आहेत, पाच-सहा पायऱ्या चढून ओटीवर. कडेने नाली काढून ती महापालिकेच्या गटाराला, त्या गटाराच्या तळापेक्षा उंचावरून, जोडा.

साफसफाई, झाडे, विहीर

झुडपे काढताना जाळू नका. डोंगरकुशीत घोणस, नाग असतात, सर्पमित्राचा नंबर खिशात ठेवा. माड, ताड, चिंच, आंबा यांतले कोणतेही झाड तोडण्याआधी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नकाशा झाडाभोवती फिरवता येतो का, ते आधी पाहा. दक्षिण-पश्चिमेकडचे जुने झाड दुपारचे ऊन आणि समुद्राचा खारा वारा दोन्ही अडवते. तोडलेल्या झाडांची मुळे पायाच्या जागेतून पूर्ण उपटून काढा, नाहीतर वाळवी तोच रस्ता धरते. वाळवीप्रतिबंधक औषध पायाच्या खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना बांधकामाच्या आधीच मारायचे असते.

जुनी विहीर किंवा बावखल असेल तर बुजवू नका. ती पावसाचे पाणी जिरवते. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर हवा. सखल भागात पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्डा भरूनच राहतो. जिथे मलनिस्सारण वाहिनी आहे तिथे तिलाच जोडणे हा एकच शहाणपणाचा मार्ग.

नळजोडणी आणि बांधकामाचे तात्पुरते वीजमीटर यांचे अर्ज नकाशाबरोबरच द्या. पाण्याच्या बाबतीत आशा सूर्या धरणाच्या योजनेवर आहे, त्यातले दिवसाला २१.८ कोटी लिटर या शहराच्या वाट्याचे आहे. तरी घराखाली साठवण टाकी धराच.

खारे काँक्रीट

किनाऱ्याजवळच्या घरांना पाण्याइतकेच मीठ मारते. सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्यावरची रेती उचलणे बेकायदा आहेच, शिवाय ती तुमच्याच घराला खाते. मे महिन्यात मचूळ होणाऱ्या विहिरीचे पाणी काँक्रीटला वापरू नका. मानकाप्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. चाचणी कुठल्याही प्रयोगशाळेत होते. काँक्रीट एम-३० च्या खाली नको आणि पायातल्या सळईवर निदान ५० मिलिमीटर कव्हर हवे. कंत्राटदार म्हणेल, एवढ्याशा घराला एम-२० पुष्कळ. पुण्यात असेल, उत्तनला नाही. स्लॅग किंवा पोझोलाना मिसळलेले सिमेंट इथे चांगले, पण त्याला क्युरिंग निदान दहा दिवस द्यावे लागते.

आखणी

दसरा उलटला, जमीन वाळली की आखणीला घ्या. कोपऱ्यांत खुंट्या, सुतळी, चुन्याच्या रेघा. काटकोन गुण्यावर सोडू नका. तीन-चार-पाच मोजून घ्या आणि शेवटी दोन्ही कर्ण सारखे येतात का ते स्वतः टेप धरून पाहा. हद्दीच्या दगडांपासून सोडायची मोकळी जागा भिंतीच्या बाहेरच्या बाजूपासून मोजायची असते, खांबाच्या मध्यापासून नव्हे. पावसाळ्यात टिपलेली पाण्याची पातळी शेजारच्या पक्क्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर रेघ मारून ठेवा आणि जोते त्या रेघेवरून काढा. खड्डे खणले की काँक्रीट टाकण्याआधी इंजिनीअरला तळ पाहायला बोलवा. अहवालातली माती आणि खड्ड्यातली माती एकच आहे, हे त्यानेच सांगायचे. फेब्रुवारीपर्यंत जोते भरून झाले तर पावसाआधी स्लॅब पडतो.

जोते झाल्यावर महापालिकेला कळवून जोत्याच्या तपासणीचा दाखला घ्यायचा असतो. जोते हद्दीकडे वीतभर सरकले असेल तर ते दुरुस्त करायची शेवटची स्वस्त वेळ हीच. तो दाखला हातात आल्याशिवाय वर एकही वीट चढवू नका, कंत्राटदाराने कितीही घाई केली तरी.